ईशान्येचा तांबडा मुरूम

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावे. खांबाला टेकून बसलेल्यांनी सरळ बसावे. आजचे आख्यान पायाचे आहे, आणि ते टेकून ऐकायचे नाही. पेटीवाले, सूर धरून ठेवा, पण माझ्या आवाजावर चढवू नका.

आधी एक प्रश्न विचारते. उत्तर आत्ता नको. घाईने दिलेले उत्तर मी घेत नाही.

समजा, तुमच्या हातून एकदा लबाडी झाली. फार वर्षांपूर्वी. पाहणारे बहुतेक गेले. लबाडी मातीखाली गेली, वर गवत उगवले. आणि एके दिवशी लोक नेमके त्याच जागी येऊन हात जोडू लागले. म्हणू लागले, ही देवाची कृपा! अशा वेळी तुम्ही काय कराल? चार लोकांबरोबर तुम्हीही हात जोडाल? की त्या गर्दीत उभे राहून सांगाल, की बाबांनो, ही कृपा नव्हे, हे माझे पाप आहे?

मनात उत्तर तयार झाले ना? पहिल्या रांगेतल्या ताई मान डोलावत आहेत — आम्ही सांगू म्हणून. ठीक. मान डोलवायला काही लागत नाही. आता ऐका.

सीना नदीच्या काठी सावळदरे नावाचे गाव. काळ्या, कसदार रानाचे. तिथे भानुदास कोरडे नावाचा गवंडी राहत असे. तीस वर्षे त्याने लोकांची घरे बांधली. पाटलांचे माडीचे घर त्याचे, शाळेच्या दोन खोल्या त्याच्या, मारुतीच्या देवळाचा नवा ओटाही त्याचाच. आणि तो स्वतः राहत होता कुठे? पत्र्याच्या शेडमध्ये. उन्हाळ्यात तापायचे, पावसात वाजायचे. पाऊस सुरू झाला की घरातले बोलणे बंद. त्याची बायको शेवंता म्हणायची, आमच्यात भांडण होत नाही, कारण चार महिने ऐकूच येत नाही.

अखेर भानुदासाला गावाच्या कडेला जागा मिळाली आणि त्याने घर बांधायला काढले. ठेकेदार नाही, मजूर नाही. तो, शेवंता, आणि त्याची आई तानूबाई. सळईच्या रिंगा शेवंताने वाकवल्या — लाकडी फळीवर खिळे ठोकून, दुपारच्या दुपार. तिच्या तळहाताला घट्टे पडले. एका शेजारणीने विचारले, अगं, बांगड्या भरल्यास की रिंगा? ती म्हणाली, बांगड्या फुटतात.

आता इथे मी जरा थांबते. या सभेत किती जणांनी आपल्या घराचा पाया भरताना पाहिला आहे? हात वर करा. दोन. तीन. बाकीच्यांनी काय पाहिले? फरशीचा रंग! रंग निवडायला तीन दिवस दुकानात ठाण मांडून बसला होतात. पाया भरला त्या दिवशी कुठे होतात? कुणाच्या तरी लग्नात, जेवणाच्या पंगतीत. जे डोळ्यांना दिसते त्याला तीन दिवस, आणि जे आपल्याला उचलून धरते त्याला अर्धा तासही नाही. असो.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. तिच्यावर ज्वारी उभी राहते, घर उभे राहत नाही. दोन वर्षांत भिंत चिरते. म्हणून खड्डा खणत जायचे, खाली मुरूम येईपर्यंत. मुरूम म्हणजे खडकाच्या वरचा भरड, घट्ट थर. तो आला की गवंडी म्हणतो, "लागला." त्या एका शब्दावर सगळे घर. भानुदासाची रीत अशी, की तो शब्द उच्चारण्याआधी तळात तीन ठिकाणी पहार मारायची. तिन्ही वेळा पहारीने हाताला झिणझिण्या आणल्या, तरच म्हणायचे, लागला.

घराचे नऊ खांब, म्हणून नऊ खड्डे. आठ खड्ड्यांना पाच पाच फुटांवर मुरूम लागला. पिवळसर, दाणेदार. राहिला नववा, ईशान्येचा. देवाची दिशा; तिथे देवघर व्हायचे होते. आणि त्या खड्ड्यात तीन फुटांवरच खण्ण आवाज आला. भानुदासाने वाकून पाहिले. मुरूम!

मग काय विचारता! शेवंताने हात जोडले. देवाच्या कोपऱ्यात देव दोन फूट वर आला, असे ती म्हणाली. पंचांग पाहणारे वामनगुरुजी आले. त्यांनीही मान हलवून लक्षण उत्तम असल्याचे सांगितले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. कुणी नारळ आणला, कुणी उदबत्ती. एक बाई तर त्या खड्ड्यातली चिमूटभर माती पदरात बांधून घेऊन गेली. भानुदासाने दुसऱ्या दिवशी नऊही खड्ड्यांच्या तळात काँक्रीटचा पातळ थर दिला. तो वाळल्यावर सळयांची जाळी ठेवली, खांबाच्या सळया उभ्या केल्या. आता फक्त माल ओतायचा. एकदा तो ओतला की ईशान्येच्या खड्ड्याचा तळ पुन्हा कुणाला दिसणार नव्हता.

दिवस ठरला, मुहूर्त ठरला. अकरा वाजून वीस मिनिटे.

त्या दिवशी सगळी आळी सावडीला आली. आज मी तुझ्याकडे राबतो, उद्या तू माझ्याकडे ये, ही ती सावड. बाया घमेली घेऊन रांगेत. मिक्सर फिरू लागला. खडी, वाळू, सिमेंट, पाणी. कालवलेला माल थांबत नाही, हे लक्षात ठेवा. तासाभरात तो ओतावाच लागतो.

पहिले घमेले कुणाचे? घरातल्या थोरल्या माणसाचे. म्हणजे तानूबाईचे. वय सत्तरीला आलेले, पाठ ताठ. या बाईची गावात एक ख्याती होती. दूध असो, धान्य असो, तानूबाईने मापले की कुणी पुन्हा मोजून पाहत नसे. तिचे माप कायम शिगेचे. ओघळून खाली पडेल इतके भरायचे. दोन बायांचा वाद झाला तर तिसरी म्हणे, चला, तानूबाईकडून मापून घेऊ. अशी बाई. तिने डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवली, घमेले वर घेतले आणि ती ईशान्येच्या खड्ड्याकडे निघाली.

खड्ड्याच्या कडेला, खणून काढलेल्या मातीचा ढीग होता. शेवटी निघालेली माती ढिगाच्या माथ्यावर असते. गेले काही दिवस तानूबाई सावडीच्या जेवणाच्या तयारीत शेडमध्येच होती; तिची नजर त्या माथ्यावर आज पहिल्यांदा गेली.

मुरूम तांबडा होता.

बाकीचे आठ ढीग पिवळे, आणि हा एक तांबडा! सगळ्या गावाने पाहिला होता तो ढीग. नारळ फोडणाऱ्यांनी पाहिला, गुरुजींनी पाहिला, खुद्द गवंड्याने पाहिला. पण देव आला म्हटल्यावर रंग कोण बघतो?

तानूबाई थांबली. डोक्यावर ओले घमेले, मानेवरून सिमेंटचे पाणी ओघळते आहे. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिले. शेवंता हळूच म्हणाली, "आत्याबाई, व्हा म्होरं." तानूबाई हलेना.

रांगेत तिच्या मागेच गऊबाई उभी होती. तिच्याच वयाची. दोघी एकाच वर्षी सून म्हणून या गावात आलेल्या. गऊबाईनेही तो तांबडा ढीग पाहिला आणि तिला सगळे कळले. ती तानूबाईच्या कानाशी आली.

"तानू, ओत. गाडलेलं मढं आता कशाला उकरतीस?"

मंडळी, हा क्षण नीट पाहा. पेटी थांबवा. मृदंगही नको.

ओतले असते, तर काय बिघडले असते? मुहूर्त साधला असता. नारळ फुटला असता. देव दोन फूट वर आला ही कथा नातवंडांपर्यंत गेली असती. तानूबाईचे माप शिगेचेच राहिले असते. घर कदाचित दोन वर्षे टिकले असते, कदाचित पाच. मग देवघराची भिंत चिरली असती आणि लोकांनी दोष कुणाला दिला असता? गवंड्याला. तीस वर्षांत ज्याची एक भिंत तडकली नाही, त्याच्या स्वतःच्या घराला तडा! त्याला पुन्हा कुणी पाया खणायला बोलावले असते का? म्हणजे पणाला लागले होते काय? एका पारड्यात आईची अब्रू, दुसऱ्या पारड्यात लेकाचे घर. आणि हे पारडे तिच्याशिवाय कुणालाही दिसत नव्हते.

तानूबाईने घमेले उतरवून खाली ठेवले.

"भानुदासा, मिक्सर बंद कर."

तो म्हणाला, "आये, माल थांबायचा न्हाय."

"थांबला तर थांबू दे. हा मुरूम देवानं दिलेला न्हाय. हा म्या टाकलाय. आन् ह्याच्या खाली काळी माती हाय. ती बी म्याच टाकलीय."

मिक्सर बंद झाला. रांगेतल्या बायांनी घमेली खाली टेकवली.

मग उभ्या उभ्या तिने सांगितले. बहात्तरचा दुष्काळ. ती सोळा वर्षांची. नव्या सुनांनाही रस्त्याच्या कामावर जावे लागे. आज जिथे हे घर उभे राहत होते, तिथूनच तेव्हा तो कच्चा रस्ता जात होता. पुढे तो पलीकडे सरकला, नदीच्या पुरांनी वर गाळ चढवला आणि जागा विस्मरणात गेली. त्या रस्त्यात एक मोठा खळगा होता. तो भरायचे काम तानूबाई आणि गऊबाई यांच्या वाट्याला आले. भरायचा मुरमाने, आणि मुरूम आणायचा माळावरच्या खाणीतून, अर्ध्या कोसावरून, डोक्यावर पाटी घेऊन. तांबडा मुरूम फक्त त्याच माळावर मिळतो. संध्याकाळी मुकादम माप घेई. माप भरले तर सुकडीची, म्हणजे दुष्काळात वाटायच्या कोरड्या खाण्याची, पुडी, नाही तर रिकाम्या हाताने घरी. पाटी अर्धी असली तरी पाय तेवढेच चालायचे.

त्यात गऊबाईला ताप भरला. ती बाभळीखाली पडून राहिली. दोघींचे माप एकट्या तानूबाईवर आले. दुपार कलली तरी खळगा अर्ध्याच्या वर रिकामा. तेव्हा तिने काय केले? रस्त्याच्या कडेची काळी माती ओढली. वीस पावलांवरची. भराभर खळगा भरला, आणि वर हातभर तांबडा मुरूम पसरून चोपून काढला. मुकादमाने काठी टेकवली, ठक्क वाजले, आणि तो म्हणाला, भरला. दोघींना सुकडी मिळाली.

तानूबाई म्हणाली, "त्या दिसापासनं म्या माप शिगेचं भरती. लोक म्हंत्यात तानू लई इमानी. मला तो खळगाच दिसतोय."

कोण म्हणेल इथे, की तिने मोठे पाप केले? मी म्हणणार नाही. त्या उन्हात, त्या पाटीखाली मी उभी नव्हते. तुम्हीही नव्हता. भुकेने केलेल्या गोष्टीचा न्याय पोट भरलेल्या माणसाने करू नये. पण लक्षात घ्या, तानूबाईने भुकेची सबब पुढे केली नाही. तापाचीही केली नाही. गऊबाईचे नावसुद्धा तिने घेतले नव्हते. तिने फक्त "एक बाई आजारी होती" एवढेच सांगितले होते. मग तुम्हाला नाव कसे कळले? कारण गऊबाई रांगेतून पुढे आली आणि म्हणाली:

"ती आजारी बाई म्या. तिनं माझ्यापायी केलं. पन्नास वर्सं म्या गप ऱ्हायले, आन् आज तिलाच गप ऱ्हा म्हणले."

दोन म्हाताऱ्या, सगळ्या आळीसमोर, माना खाली घालून. आता लोक काय म्हणतील? हसतील? थुंकतील? शिगेचे माप म्हणे!

बोलले कोण, तर दामूअण्णा. ऐंशीचे, काठी टेकत आलेले. त्यांनी घसा खाकरला.

"म्हंजी माझ्या बापाची गाडी दर पावसाळ्यात तिथंच रुतायची, ती तुझ्यापायी व्हय गं? आम्ही समजायचो बैल आळशी. लई मार खाल्ला बिचाऱ्यांनी."

आणि मंडळी, सगळी आळी हसली. तानूबाईसुद्धा हसली, डोळे पुसत. ज्या गोष्टीचे ओझे तिने पन्नास वर्षे एकटीने वाहिले, तिचा बोजा गावाने एका हसण्यात उतरवून घेतला. आपण ज्यांना भितो ते लोक पुष्कळदा आपल्या भीतीपेक्षा चांगले असतात. पण ते कळायला आधी तोंड उघडावे लागते. घ्या, एकदा नाम घ्या. मनापासून. हं.

पण एक माणूस हसला नव्हता. भानुदास. तो आपल्या हातांकडे पाहत होता. आईजवळ येऊन तो म्हणाला, "आये, चूक माझी हाय. म्या पहार तीनदा मारतो. तिथं एकदाच मारली."

का? कारण शेवंताने हात जोडले होते. दुसरी पहार मारणे म्हणजे देवावर शंका घेतल्यासारखे वाटले त्याला! परक्यांच्या घराला तीनदा मारणारा माणूस स्वतःच्या घराला एकदाच मारून थांबला. अहो, देवाला पहारीची भीती असते का? जे खरे असते ते दुसऱ्या पहारीला वाजते, तिसऱ्याला वाजते, शंभराव्यालाही वाजते. पहार मारू नका असे जिथे सांगितले जाते, तिथे मात्र सावध राहा. मग तो खड्डा असो, की भगवी वस्त्रे नेसलेला कुणी असो.

आता प्रश्न मुहूर्ताचा. अकरा वाजून अठरा मिनिटे झालेली. सगळ्यांची तोंडे वामनगुरुजींकडे. गुरुजी भले गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, मुहूर्त ओतण्याचा नव्हता, पायाच्या कामाचा होता. आणि खोटा तळ फोडणे हे पायाचेच काम. मग त्यांनी स्वतः पहार उचलून भानुदासाच्या हातात दिली. "दोन मिनिटं हायत. आटप."

मिक्सरमधला माल बायांनी धावत धावत नैर्ऋत्येच्या खड्ड्यात ओतला. वाया काही गेले नाही. आणि ठीक अकरा वीसला भानुदासाने ईशान्येच्या तळावर घाव घातला. सळया तेवढ्यात चौघांनी उचलून बाजूला ठेवल्या होत्या. पातळ थर फुटला. त्याखाली हातभर तांबडा मुरूम, तेव्हा गाड्याबैलांनी चोपलेला, पुढे गाळाखाली दबलेला, फरशीसारखा कठीण. तोही फुटला. आणि पुढच्या घावाला पहार मुठीपर्यंत आत गेली. ओढून काढली, तर टोकाला काळी, चिकट, ओली माती. घर उभे राहणार होते ते यावर.

मग खणले. सगळ्यांनी खणले. माणसे खाली उतरून आळीपाळीने खणत होती, बाया पाट्या ओढत होत्या. शेवंताने पदर खोचला आणि गुडघाभर चिखलात उभी राहिली. तानूबाईला लोक म्हणाले, तुम्ही बसा. ती बसली नाही. गऊबाईही नाही. दोघी पाटी धरून उभ्या, एक कान हिचा, एक कान तिचा. तीच काळी माती, जी एका दुपारी वीस पावलांवरून ओढून आणली होती, ती आता त्यांनी पुन्हा वर काढली. या वेळी अर्धी पाटी कुणी भरली नाही.

चार फूट. पाच फूट. आठ खड्ड्यांना जिथे मुरूम मिळाला ती खोली मागे गेली. सहा. इथला खळगा नैसर्गिकच खोल होता. शेवंताचा चेहरा उतरू लागला. साडेसहा. ऊन कलायला लागले होते. आणि सातव्या फुटावर भानुदासाच्या पहारीने हाताला झिणझिण्या आणल्या.

सगळे थबकले. त्याने दुसऱ्या ठिकाणी मारली. वाजली. तिसऱ्या ठिकाणी मारली. वाजली. मूठभर उचलून त्याने वर धरले. पिवळा. मग त्याने शिडी लावली आणि आईला खाली बोलावले. सत्तरीची बाई शिडीवरून सात फूट खाली उतरली, अनवाणी. त्या तळावर उभी राहिली. टाच दाबून पाहिली. भानुदास म्हणाला, तू सांग.

ती म्हणाली, "लागला."

दुसऱ्या दिवशी मुहूर्त न पाहता ओतकाम झाले. पहिले घमेले तानूबाई आणि गऊबाई यांनी मिळून ओतले. आज त्या घराला चार पावसाळे झाले आहेत. उन्हाळ्यात अंगणातल्या काळ्या मातीला हात जाईल अशा भेगा पडतात आणि कोंबडीची पिल्ले त्यात लपून बसतात. भिंतीला मात्र केसाएवढी रेघ नाही. देवघराचा खांब घरातल्या सगळ्या खांबांहून लांब आहे. दिसतो मात्र इतरांएवढाच. आणि गावात अजूनही कुणाला काही मापायचे झाले की लोक तानूबाईकडेच जातात. आता तर जास्तच जातात.

आता मला उत्तर द्या. पहिल्या रांगेतल्या ताई, आता मान डोलवत नाही तुम्ही. चांगले आहे. म्हणजे काहीतरी आठवले.

तुम्ही म्हणाल, आम्ही आमच्या चुका देवाला सांगतो. रोज सांगतो, दिवा लावताना सांगतो. का सांगता, मी सांगते. देव शेजाऱ्याला जाऊन सांगत नाही, म्हणून सांगता! त्याला सांगण्यात धैर्य कसले? त्याला आधीच ठाऊक आहे. तानूबाईने देवाला पन्नास वर्षे सांगितले असेल, आणि देवाने पन्नास वर्षे ऐकले असेल. त्या सांगण्याने घर वाचले नाही. तिने भानुदासाला सांगितले, तेव्हा वाचले.

म्हणून माझी आज्ञा ऐका. माझ्या वयाला आज्ञा करायचा अधिकार आहे. आरती होईल. हात जोडा, प्रसाद घ्या. पण घरी जाताना वाट थोडी वाकडी करा. तुमच्या लपवलेल्या गोष्टीवर कुणाची तरी भिंत उभी राहते आहे. भावाची असेल, सुनेची असेल, जोडीदाराची असेल. माल अजून मिक्सरमध्ये फिरतो आहे. त्या माणसाच्या दारात जा, नाव घेऊन हाक मारा आणि सांगा. तो हसेल, की रागावेल, की तुमच्याबरोबर खणायला उतरेल, हे मला ठाऊक नाही.

पण दार तुम्हीच वाजवायचे आहे. उठा.